जंताची गोळी समोर बसवून खाऊ घालणाऱ्या अंगणवाडीताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

ज्याच्या शौचातून जंत पडतात त्या पोराला औषध द्यायला घरचे लगेच तयार होतात. तुम्ही गोळी दिलीत ती खेळत्या, जेवत्या पोरालाही. “याला काय झालंय?” असं विचारणाऱ्या आईला समजावून दिलीत. त्यासाठी हे पत्र.

थोडे जंत असले की बहुतेकदा पोट दुखतच नाही. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रोज ०.०३ ते ०.२ मिली रक्त पितो. पंचवीस असले तरी महिन्याला वीस मिलीच्या वर रक्त जातं. मूल आजारी दिसत नाही. खालची पापणी ओढली तर आतून फिकी, खेळताना लवकर दमणारं, कधी माती नाहीतर खडू खाणारं, एवढंच. शौचाच्या तपासणीतही ते निसटू शकतं. मुळात अंडी थोडी, त्यात काटो-कॅट्झ पद्धतीने (शौचाचा थर काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची) केलेली काचपट्टी तासाभरात पाहिली नाही तर अंकुशकृमीची नाजूक अंडी विरून जातात. म्हणून जंतांचं प्रमाण जास्त असलेल्या भागात तपासणीची वाट न बघता सगळ्यांनाच गोळी.

आणि ती कशी दिलीत! एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी, म्हणजे २०० मिग्रॅ. दोन ते एकोणीस वर्षांपर्यंत ४०० मिग्रॅची अख्खी. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक पूड, मग पाण्यात कालवून, कारण तुकडा घशात अडकतो. रडत्या बाळाच्या तोंडात कोंबायची नाही, हेही पाळलंत. मोठ्यांना चावून खायला लावलंत आणि “आ कर, जीभ वर कर” म्हणत गालात दडवलेली गोळी शोधलीत. घरी न्यायला एकही दिली नाहीत. ताप असलेल्याला थांबवलंत.

पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर मळमळही जास्त. अशांना सावलीत आडवं करून पाणी पाजलंत, आयांना धीर दिलात. गोळी बदनाम झाली नाही ती तुमच्यामुळे.

“गोड खाल्लं की जंत होतात” हे ऐकून तुमचे कान किटले असतील. तरी दरवेळी तुम्ही न चिडता सांगता, जंत साखरेने होत नाहीत, मातीतून येतात. गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गोळी त्यांना मारत नाही. म्हणून राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारीनंतर १० ऑगस्टला पुन्हा गोळी. आणि त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांच्या दारात आठवड्याने पुन्हा तुम्हीच, पिशवीत ते दोन चमचे घेऊन.

मनापासून आभार.

बालआरोग्याचं काम करणारे आम्ही