संत्र्यातील फळमाशी: श्रीधरला पत्र

काटोल, ता. २० सप्टेंबर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून काळजी वाटली. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळे तोडणीच्या तोंडावर गळू लागली की जीव थाऱ्यावर राहत नाही, हे मी जाणतो. तरीही दुकानदाराने सुचवलेले जहाल कीटकनाशक सबंध बगिच्यावर फवारू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी गळालेली फळे चिरून पाहा. गरात पांढुरक्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी; नुसते छिद्र आणि सडलेला गर असेल, तर तो रात्री येणाऱ्या रस शोषक पतंगाचा उपद्रव असू शकतो आणि त्याला फळमाशीचे सापळे उपयोगी पडत नाहीत.

फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते आणि पुढे फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जाते. म्हणजे अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्थांपर्यंत फवारा पोहोचतच नाही. तो बसतो किडी खाणाऱ्या ढालकिड्यांवर व क्रायसोपावर आणि सायला या रस शोषणाऱ्या किडीच्या पिलांवर वाढणाऱ्या टॅमॅरिक्सिया या इवल्या परोपजीवी गांधीलमाशीवर. हे मित्रकीटक गेले की सायला आणि कोळशी (काळी माशी) या किडींना रान मोकळे होते आणि एका किडीच्या जागी तीन किडी पदरात पडतात.

म्हणून खरा भर जमिनीवर दे. गळालेली फळे रोज वेच आणि खोल खड्ड्यात पूर किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेव. बांधावर ती मुळीच टाकू नकोस. झाडाखालची माती हलकी चाळवलीस की कोष वर येतात आणि ते ऊन, मुंग्या व पाखरे यांच्या तावडीत सापडतात.

जोडीला हेक्टरी सुमारे २५ मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे, सापळे लाव. त्यांत फक्त नर येतात, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. खरे तर ते तोडणीच्या दोन महिने आधीच लागायला हवे होते, पण अजूनही लाव. सापळा रिकामा करताना आत काय पडले आहे ते नीट पाहा, कारण क्रायसोपाच्या कुळातील काही नरही त्या गंधाकडे ओढले जातात. विषारी आमिष वापरायचेच झाले, तर प्रथिनांचे घेऊन मोजक्या ठिकाणी थोडे थोडे शिंपड. गुळाच्या आमिषावर मधमाश्याही येतात, म्हणून ते टाळलेले बरे.

शेजारच्या बगिच्यांतही फळे वेचली जातील असे पाहा, कारण माशी धुरा ओलांडून येते. पुढच्या आठवड्यात मी तिकडे येतो, तेव्हा सापळे सोबत बसून तपासू.

तुझा,
वसंत