वडिलांच्या नाण्यांची पारख करून देणाऱ्या काकांस

पुणे

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटात सापडलेली, त्यांनी वेगळी म्हणून पाकिटांत जपलेली नाणी तुम्ही एकेक करून भिंगाखाली पाहून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की जुन्या बाजारात नाणी चाळणाऱ्या पुष्कळांना हेच प्रश्न पडतात आणि ते इतक्या सबुरीने उलगडून सांगणारे माणूस सहसा भेटत नाही.

‘अस्सल’ किंवा ‘खराब’ एवढेच सांगितले असते तरी आमचे काम भागले असते. तुम्ही मात्र प्रत्येक नाण्याबाबत आधी हेच विचारलेत, की हा दोष टांकसाळीत नेमका केव्हा घडू शकेल: धातूच्या पट्टीतून कोरी चकती कापताना, तिची कड उचलताना, की कॉलरमध्ये (चकतीभोवतीच्या कड्यात) दोन डायांमध्ये, म्हणजे छाप उमटवणाऱ्या ठशांमध्ये, ती दाबली जाताना? यांपैकी कुठेच त्याला जागा सापडली नाही, तर तो टांकसाळीबाहेर लागलेला.

कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेली दोन नाणी तुम्ही शेजारी ठेवलीत, तेव्हा हे मला खरे समजले. वजन दोन्हींचे कमी, त्यामुळे काट्याने निकाल लागणार नव्हता. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की आधीच्या छिद्रावर कापणी पडते आणि चकती अपुरी निघते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात त्या रिकाम्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरची कडही नीट उठत नाही. पहिल्या नाण्यावर ही समोरची फिकी कड स्पष्ट होती आणि तुटीजवळची अक्षरे तिच्याकडे ओढली जाऊन विरत गेली होती. दुसऱ्याची समोरची कड ठणठणीत, अक्षरे सुरीने कापावीत तशी तोडलेली, आणि तुटीच्या काठावर कानशीचे बारीक चरे.

लाखी नाण्याचे पाकीट वडिलांनी सर्वांत जपले होते. एखादे नाणे डायला चिकटून राहिले, की पुढच्या चकतीवर त्याची खोलगट, उलटी प्रतिमा उमटते; म्हणजे खऱ्या लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र, एकीकडे उठावाचे आणि दुसरीकडे खोल व उलटे. आमच्या रुपयाच्या नाण्यावर खोलगट प्रतिमेखाली मूळ छापाचे अवशेष दिसत होते आणि मागची बाजू चेपलेली होती. दोन नाणी कुणीतरी व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट आवळणाऱ्या पकडीत, एकमेकांवर दाबली होती, हे तुम्ही किती हळुवारपणे सांगितलेत! त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

बाकीची लवकर उरकली. पाच रुपयांचे तांबे-निकेलचे नाणे 9 ग्रॅमचे असायला हवे. आमचे बरेच हलके भरले, पण अक्षरे आणि कडा सगळीकडून सारखीच मऊ पडलेली, म्हणजे आम्लाचा परिणाम. रेघ उठावदार असेल तर डायला गेलेला तडा, खोल असेल तर बहुधा ओरखडा. वर्षाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून राखून ठेवलेली नाणी कोलकात्याची साधी नाणी निघाली, कारण मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका असतो, कोलकात्याची खूणच नसते. हे माहीत नसल्याने अशी नाणी चढ्या दराने घेणाऱ्यांची मला काळजी वाटते.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचा खुलासा मात्र मी घरी सगळ्यांना सांगितला. मधली चकती छापण्याआधीच सरकली असेल, तर नक्षी जागच्या जागी राहते आणि दोन धातूंची सीमा तेवढी हलते. छापल्यानंतर तिला धक्का बसला असेल, तर नक्षीच सांध्यावर तुटते. आमच्या नाण्याची नक्षी तुटलेली नव्हती.

तुम्ही मोबदला घेतला नाहीत, आणि अस्सल ठरलेली दोन नाणी विकत मागितलीही नाहीत, हे आमचे आई-भाऊ अजून बोलून दाखवतात. व्हाइसमधले नाणे टाकून न देता नमुना म्हणून जवळ ठेवण्याचा तुमचा सल्ला मी पाळला आहे. आणे-पैशांचे एक पाकीट अजून उघडायचे आहे. दिवाळीनंतर तुमच्या सोयीने ते घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
एका नाणेसंग्राहकाची मुलगी