शिरोयोनेच्या खाचरांसाठी हात हवे आहेत

जपानमधल्या इशिकावा प्रांतात वाजिमा शहराच्या पूर्वेला, थेट समुद्रात उतरणाऱ्या डोंगरावर शिरोयोने सेनमाइदा ही भातखाचरांची उतरंड आहे. सुमारे ४ हेक्टर उतारावर १,००४ खाचरं, काही तर सुपाएवढी. १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात यातल्या बहुतेकांना तडे गेले. त्या वर्षी जेमतेम १२० खाचरांत लावणी झाली, आणि २१ सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पुन्हा माती घसरली. २०२५ मध्ये लावणी दुपटीच्या आसपास पोचली. उरलेल्या खाचरांसाठी माणसं हवी आहेत, म्हणून जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ही विनंती.

यंत्रं का आणत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. खाचर लहान, बांध अरुंद, आणि भेगाळलेल्या उतारावर वजन टाकलं तर खालचा बांधही ढासळतो. म्हणून काम कुदळ-फावड्यानेच.

तडा वरून बोटभर दिसतो, पण तो खालच्या घट्ट थरापर्यंत गेलेला असतो. हा चिकण थरच पाणी धरून ठेवतो. वरवर माती लोटून तडा बुजवला तर पाणी भरल्यावर दोन दिवसांत तिथूनच झिरपतं, खालच्या बांधाच्या पोटात शिरतं आणि बांध फुगून सुटतो. त्यामुळे तड्याच्या रेषेत घट्ट थर लागेपर्यंत चर खणायचा, चिकणमाती वीतभरापेक्षा कमी जाडीच्या थरांत टाकायची आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ओली माती ठोकली तर ती बाजूला सरकते, दबत नाही, आणि वाळल्यावर पुन्हा चिरते. घाई करणाऱ्यांचं काम इथेच फुकट जातं.

मग बांध. जुनी, गवताळ कड तासून काढायची, चिचुंद्रीसारख्या मोगुरा प्राण्याची बिळं शोधून ठोकून बंद करायची आणि पायाने मळलेला चिखल कडेवर लिंपायचा. थोडा आवळला की फावड्याच्या पाठीने पुन्हा गुळगुळीत करायचा. कोकणात ज्यांनी मेर लिंपली आहे त्यांना हे शिकवावं लागणार नाही. अशा मंडळींनी जरूर यावं. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं, म्हणून वरचं गळत असेल तर खालचं नीट करून उपयोग नाही.

बांधाचं काम एप्रिलमध्ये, लावणी मेच्या मध्यात, कापणी सप्टेंबरात. तीनही वेळी माणसं लागतात, पण सगळ्यात जास्त एप्रिलमध्ये, आणि नेमकं तेव्हाच कोणी फिरकत नाही. एका गटात १० ते १२ जण पुरेत. जास्त झाले की बांध तुडवले जातात. कोणत्या खाचरावर काम करायचं ते तिथले राखणदार ठरवतील.

येण्याआधी आपल्या राहत्या गावच्या समाजकल्याण परिषदेत स्वयंसेवक विमा काढा, नैसर्गिक आपत्तीचा समावेश असलेला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलमध्ये येणाऱ्यांना नवा काढावा लागेल. वाजिमापर्यंत रेल्वे नाही. कानाझावाहून पुढे गाडी किंवा बस. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातमोजे, कपड्यांचा एक जादा जोड आणि जेवण-पाणी आपलं आपण आणा. गावावर भार नको.

पैसे आम्ही गोळा करत नाही. जपानमध्ये रहिवासी कर भरणाऱ्यांना फुरुसातो नोझेई योजनेतून थेट वाजिमा शहराला देणगी देता येते. मर्यादेत राहिल्यास २,००० येन सोडून बाकीची रक्कम करातून वजा होते. कर विवरणपत्र भरत नसाल तर एकखिडकी अर्ज पुढच्या वर्षीच्या १० जानेवारीपर्यंत पोचला पाहिजे, आणि वर्षात ५ पेक्षा जास्त गावांना देणगी दिलेली नसावी.

एप्रिलसाठी नावं मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत द्या. हे आवाहन ज्यांच्याकडून मिळालं त्यांनाच कळवा: किती जण, कोणते दिवस, गाडी आहे का, आणि शेतीचं काम पूर्वी केलं आहे का.