ओठ जुळू देऊ नकोस

प्रिय शमा,

तीन महिने पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या नंतर घाल. पाठदुखी आहे तशीच आहे. जुन्या सिनेमावर नवे संवाद चढवून केलेला तुझा चार मिनिटांचा विडंबनाचा तुकडा तीनदा पाहिला. हसले, मग घाबरले. जुन्या युद्धपटातला सेनापती पाणीपट्टीवर बोलतोय आणि त्याचे ओठ अक्षर न् अक्षर जुळलेत! ते ओठ हलवणारं सॉफ्टवेअर काढून टाक, बाई.

चिडण्याआधी ऐक. यातली सगळी गंमत तोंड आणि आवाज यांच्यामधल्या फटीत असते. १९७३ साली रेने व्हिएने या फ्रेंच दिग्दर्शकाने हाँगकाँगचा आयता कुंगफूपट उचलला आणि नव्या फ्रेंच संवादांनी त्यात कामगार विरुद्ध नोकरशहा असं भांडण लावून दिलं. हे तोंड हे बोलत नाहीये, हे बघणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून कळतं. हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरच्या ‘डाऊनफॉल’ सिनेमातल्या बंकरच्या प्रसंगाची तर शेकडो विडंबनं झाली, तिथे आवाजालाही हात नाही, हिटलर झालेल्या ब्रुनो गान्झचं मूळ जर्मन आणि खाली खोट्या ओळी. (जर्मन येणाऱ्यांची पंचाईत होते, ते सोड.) तुझ्या तुकड्यात फटच उरली नाही. कुणी पंधरा सेकंद कापून पुढे ढकलले की विडंबन संपलं, बनावट चित्रफीत सुरू. अन्या म्हणेल, वर ‘हे विडंबन आहे’ अशी पट्टी टाकू. पट्टी छाटायला कितीसा वेळ लागतो? अन्याचे केस कापण्यापेक्षा कमीच.

आणि ओळखीच्या आवाजाची नक्कल नको. हो, पुन्हा तेच भांडण. हुबेहूब आवाज काढलास की लोक आवाजाला हसतात, पाणीपट्टी बाजूला राहते. वर ओठही जुळलेले, म्हणजे घात पूर्ण. बोलण्याची एखादी लकब पुरते.

याचा अर्थ गबाळं कर असा नाही. तोंड उघडतं तिथे वाक्य सुरू कर, मिटतं तिथे संपव, मधलं सोडून दे. प, ब, म एवढे मात्र जमेल तिथे मिटलेल्या ओठांवर आण. आवाज मागे पडलेला चालतो, पुढे गेलेला खटकतो: साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतं, उशीर सव्वाशेपर्यंत खपून जातो. तुझं शेवटचं मिनिट नेमकं उलट बिघडलंय. ध्वनिमुद्रण सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीवर केलंस आणि बसवलंस २३.९७६ वर, बरोबर? मिनिटाला ६० मिलिसेकंद, म्हणजे चौथ्या मिनिटाअखेर आवाज जवळजवळ पाव सेकंद पुढे. प्रत आधी ठरव, मग माइक लाव.

संवाद पुसताना पावलं आणि दारंही गेलीत. मूळ संगीत-परिणामांचा वेगळा ट्रॅक नसेल तर दुसरा इलाज नाही, स्वतः चालून पावलं मुद्रित कर. आवाज वेगळा काढणारी साधनं मागे पत्र्यासारखी शेपटी सोडतात, ती पावलांखाली झाकली जाते. कुणी बोलत नसेल अशा जागेतून खोलीची शांतता दोन-तीन सेकंद उचल, जोडून सबंध प्रसंगाखाली पसर, टोकांना क्रॉसफेड दे, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा हळूच चढू दे. नाहीतर दर वाक्याच्या शेवटी आवाज विहिरीत पडतो. लांबच्या शॉटला माइकपासून दोन पावलं मागे सरकून बोल. तुझा सेनापती टेकडीवरून कानात कुजबुजतोय.

सगळ्यात धारदार ओळ पाठमोऱ्या शॉटला, किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. तिथे लांबीचं बंधन नाही. सेनापती नकाशावर बोट ठेवतो तिथे तू भाषण घातलंयस; नुसतं “गळती इथे आहे” म्हण. अधिकाऱ्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांनी बाकीचं काम आधीच करून ठेवलंय.

ती ओळ नव्याने मुद्रित केलीस की नुसती आवाजाची फाइल पाठव, मी बसवते. नवं घर लागलं का? आईच्या डोळ्यांचं काय ठरलं? आधी विचारायला हवं होतं, माहीत आहे.

तुझी,
मंजू