क्वाडची चर्चा आपल्या संसदेतही व्हावी

महोदय,

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वाड हा भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट बळकट करण्यासंबंधीचे विधेयक ३७९ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केले. भारत, जपान आणि ऑस्ट्रेलियाबरोबरचे सहकार्य वाढवण्याचे धोरण तिथल्या परराष्ट्र खात्याने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मांडावे आणि चारही देशांच्या खासदारांचा संयुक्त कार्यगट उभारण्यासाठी बोलणी करावीत, असे त्यात आहे. ज्या गटात आपण आहोत, त्याच्या वाटचालीवर तिकडचे लोकप्रतिनिधी मतदान करतात. आपले खासदार त्यावर कधी बोलणार?

जपानचा अमेरिकेशी १९६० चा सुरक्षा करार आहे, ऑस्ट्रेलिया अमेरिकेबरोबरच्या १९५१ च्या ‘अँझुस’ या सुरक्षा करारात आहे. भारत अमेरिकेशी अशा कोणत्याही संरक्षण कराराने बांधलेला नाही. त्यामुळे या सहकार्यात आपण कुठवर जायचे, हे आपणच आधी ठरवायला हवे.

माझा क्वाडला विरोध नाही. ‘कुबेर’ बोट बळकावून समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी २००८ मध्ये काय केले, हे मुंबई विसरलेली नाही. ओळख देणारी यंत्रणा बंद करून फिरणारी जहाजे उपग्रहांच्या मदतीने हुडकण्याचा जो उपक्रम क्वाडने २०२२ मध्ये टोकियोत जाहीर केला, तो आपल्याला हवाच आहे. माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार केला, त्याचाही आनंद आहे. पण उद्या तैवानच्या सामुद्रधुनीत युद्ध पेटले, तर त्यात उतरलेले अमेरिकी जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत घ्यायचे का? हा निर्णय ऐन संकटात, घाईने होऊ नये.

अमेरिकेबरोबरचा २०१६ चा रसदविषयक करार, २०१८ चा लष्करी संपर्कयंत्रणेचा आणि २०२० चा भूस्थानिक (नकाशे व उपग्रहचित्रांच्या) माहितीचा, हे तिन्ही करार संसदेत मतदान न होता झाले. यात नियमभंग नाही. घटनेच्या कलम २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते. कराराआधी तिची संमती घेण्याची सक्ती मात्र कुठेच नाही. तरीही जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून सरकारला विश्वासदर्शक ठराव मांडावा लागला आणि तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला गेला, तेव्हा कराराच्या दोन्ही बाजू सामान्य माणसाच्या कानावर आल्या. तसे पुन्हा घडावे, असे मला मनापासून वाटते.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात सरकारला दोन प्रश्न विचारावेत. खासदारांच्या संयुक्त कार्यगटाबाबत भारताची भूमिका काय? आणि युद्धप्रसंगी आपली बंदरे व गोद्या कोणत्या अटींवर वापरू दिल्या जातील? उत्तरातला गोपनीय भाग परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीपुढे ठेवता येईल. तिच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तीत विरोधी पक्षांचे सदस्यही असतात.

— एक वाचक, मुंबई