नुसते गणित म्हणून अडवू नका

महोदय,

पावसाळ्याअगोदर वेंगुर्ल्याच्या पुळणीवर माझ्या विद्यार्थ्यांनी जागेवरून सरळ वर उठणारे छोटे विमान उडवले. पुरुषभर उंच गेले, तोच समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला आणि ते डावीकडे कलंडले. पण डाव्या पंख्यांनी लगेच जोर धरला आणि यंत्र सावरले. मुलांची खरी कमाई म्हणजे हा जोर वाटून देण्याची रीत, आणि पेटंट मागताना नेमके तिथेच घोडे अडते.

१९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) नुसत्या अल्गोरिदमला, म्हणजे पायरीपायरीने मांडलेल्या गणिती रीतीला, पेटंट देत नाही. ते रास्तच आहे. पण मोटरचे फेरे, पंख्याचा कोन आणि वाऱ्याचा मारा यांच्याशी बांधलेले गणित नुसते कसे म्हणायचे? पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांनी जुन्या तंत्राशी कसून तुलना जरूर करावी. नौदलाची, जागेवरून सरळ वर उठू शकणारी सी हॅरिअर विमाने २०१६ पर्यंत आपल्या शेजारी गोव्यात दाबोळीला होती. त्यांच्या इंजिनाची झोत सोडणारी चार तोंडे फिरत. नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून सुटणारी हवा तोल राखी. त्याहून वेगळे काय, हे मुलांनी दाखवलेच पाहिजे.

अर्जावर परीक्षकांचे आक्षेप सांगणाऱ्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. त्यातले कित्येक आठवडे आमची मुले त्याची भाषा उलगडण्यातच घालवतात. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने वर्षातून एकदा तरी सिंधुदुर्गात मराठीतून मार्गदर्शन शिबिर घ्यावे. आणि मुलांनो, अर्ज दाखल होईपर्यंत उड्डाणाचा व्हिडिओ कुठेही टाकू नका. पेटंटला लागणारे नावीन्य तिथेच जाते.

– एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ला