ठिकरिया ते खंडी ओबरी

कराड, दि. 24 जानेवारी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू हिमाचलात केलाँगला सुखरूप पोचलीस, हे आईनं सांगितलं. मला फोन केला नाहीस याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं. असो. स्वारगेटला आपलं जे झालं ते मनात धरू नकोस. ‘टोलच्या मेसेजवरून माझ्यावर पाळत ठेवता’ असं तू म्हणालीस. पोरी, गाडी घेतली तेव्हा तुझं सिम बंद होतं म्हणून फास्टॅग माझ्या नंबरवर निघाला. मेसेज आला की मी वाचतो. गाडी कुठवर आली हे बघण्यात माझा जन्म गेला. तुला नंबर बदलायचा असेल तर बदल, मी आडवा येणार नाही. फक्त उन्हाळ्यापर्यंत राहू दे.

आज नुसती ख्यालीखुशाली लिहायची, झोपेचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

आज्जी बरी आहे. काल काठी न घेता चुलीपर्यंत गेली आणि आईचा ओरडा खाल्ला. दूध-भाकरी कुस्करून खाते. दवाखान्यात तू समोर दिसेपर्यंत तिनं पेजेला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, ती तुझ्यासाठी उठली. म्हणून ‘एवढ्या घाईनं कशाला आलीस’ असं मला म्हणवत नाही. न म्हणताही राहवत नाही.

आज्जीसाठी तिकडून चालवत आणलेली आणि इथंच ठेवून गेलेली तुझी गाडी धुतली. मडगार्डच्या आतून तिकडची राखाडी वाळू पाइप लावला तरी निघतच होती. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला दगड सापडला. आई फेकून देत होती, मी ठेवून घेतला. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून धरून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा, हे मी तुला कधी शिकवलेलं नाही. आपल्याकडं ती वेळच येत नाही. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्याही पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवल्या होत्यास. डिकी उघडी टाकून मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

सिस्सूला पोलिसांनी गाड्या अडवल्यावर बर्फात गुडघे टेकून पुढच्या चाकांना साखळ्या तूच चढवल्यास ना? बरोबर केलंस, जी चाकं गाडी ओढतात त्यांनाच साखळी हवी. अटल बोगदा 2020 ला सुरू झाला म्हणून तू निघू तरी शकलीस. त्याआधी रोहतांगची खिंड बंद झाली की तुमचं लाहौल खोरं सहा-सहा महिने तुटायचं. तेव्हा हेलिकॉप्टरात जागा मिळाली तरच माणूस बाहेर पडायचा.

मनालीहून निघाल्याचा तुझा फोन आला आणि मग सगळं गप्प. उन्हाळ्यात आलीस तेव्हा पहिला मेसेज टकोलीच्या टोलचा होता. या खेपेला तो आलाच नाही. आईला मी ‘रेंज नसेल’ म्हणालो आणि स्वतः अंगणात फेऱ्या मारत बसलो. पंडोहजवळ दरड आली होती आणि लहान गाड्या बजौऱ्यावरून कटौल्याच्या रस्त्यानं सोडत होते, हे कळलं दुसऱ्या दिवशी. अरुंद रस्ता, सावलीतल्या वळणांवर गोठलेलं पाणी, त्यात अंधार. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटाचा नियम. तू चढत होतीस, तरी समोरचा पिकअपवाला अडून बसला म्हणून तूच गाडी मागं घेतलीस, पार मागच्या वळणापर्यंत. घाटात, रात्री, एवढं रिव्हर्स! माझ्या बरोबरीच्या कितीतरी ड्रायव्हरांनी आधी खाली उतरून वाद घातला असता. हे मी डेपोत सगळ्यांना सांगितलं, कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभं राहून सांगितलं. आपल्या एसटीत बाईमाणूस स्टेअरिंगवर बघायला 2023 साल उजाडावं लागलं, आणि माझी पोर हिमाचलातून एकटी गाडी घेऊन घरी आली.

घाटाची मला आता धास्ती नाही. घाटात हात-पाय कामात असतात, डोळा पुढच्या वळणावर असतो, माणूस आपोआप जागा राहतो. घाट संपून सरळ रस्ता लागला की मग अंग सैल पडतं.

ठिकरियाच्या टोलचा मेसेज रात्री 9:12 ला आला. म्हणजे जयपूर मागं पडलं. उदयपूरच्याही पुढच्या खंडी ओबरीचा पहाटे 4:20 ला. मधल्या टोलच्या वेळा मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढल्या आहेत. त्यात कुठं अर्धा तास पाठ टेकायला जागा नाही. आणि त्याआधी दिवसभर अंबाल्यापासून पानिपतपर्यंत धुक्यात डोळे ताणून आलेली तू. आईनं परवा सांगितलं, की चित्तोडच्या अलीकडं चाक कडेच्या पट्टीवर गेलं आणि त्या खडखडाटानं तू दचकून जागी झालीस. ‘आप्पांना सांगू नको’ म्हणाली होतीस. तिच्या पोटात आठवडाभर राहिलं, तेच पुष्कळ.

विषय काढायचा नव्हता, निघालाच. आता ऐक. पहाटे दोन ते पाच ही वेळ वाईट. डुलकी कळवून येत नाही. चहानं झोप जात नाही, थोडी पुढं ढकलली जाते. काच खाली घेणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं घटकाभराचं. मागचे दोन किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल तर समजायचं, आपण झोपलो होतो. तिथंच पहिला पंप गाठायचा, उजेडात गाडी लावायची, दारं लॉक करायची आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. धुक्यात अप्पर लावायचा नाही, डिपरवरच...

बघ, पत्राचा पार वर्ग झाला. तू बँकेत साहेब आहेस, हाताखाली माणसं आहेत, आणि मी तुला लायसन्स काढायला आलेल्या पोरासारखं सांगतोय. माफ कर.

तू मात्र स्वारगेटला जे विचारलंस त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ‘एकटी बाई रात्री दोनला कुठल्या ढाब्यावर गाडी लावून झोपणार, आप्पा?’ मी कुठंही झोपलो. मुक्कामी गाडीच्या टपावर, देवळाच्या ओसरीत, शेवटच्या सीटवर पाय पसरून. कुणी काच वाजवेल याची धास्ती मला कधी नव्हती. तुला थांबण्याचीही भीती आणि चालवण्याचीही. ते वाक्य ऐकल्यापासून कॅलेंडरच्या मागचे ते आकडे मला वेगळे दिसतात.

सुट्टीत माझ्या चिपळूण गाडीला यायचीस, आठवतं? बॉनेटवर पोतं टाकून त्यावर तू. बुड भाजलं तरी उठायची नाहीस. पाटण, हेळवाक, घाटमाथा, पोफळी, पाट्या मोठ्यानं वाचायचीस आणि कुंभार्लीत धुकं आलं की आवाज आणखी चढवायचीस, मला दिसावं म्हणून! पहाटेच्या गाडीला आमचे वाहक तिकिटं संपली की पुढं येऊन बसायचे आणि काहीबाही बोलत राहायचे. शेतातलं, सोयरिकीचं, काहीही. बोलण्यात दम नसायचा, पण तेवढ्यानं ड्रायव्हर जागा राहायचा. तुझ्या शेजारची सीट रिकामी होती, हेच माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तर मी असं ठरवलंय. बर्फ वितळला की गाडी परत न्यायची, आणि मी बरोबर येणार. स्टेअरिंग तुझंच, घाट उतरल्यावर थोडं मला दे. पहिला मुक्काम वापी, मग उदयपूर, मग जयपूर, मग अंबाला. अंधार पडायच्या आत खोलीवर. खोल्या बाळूदादा आधीच मोबाइलवरून बुक करून देतो म्हणालाय. कटौल्याचा तो रस्ताही मला दाखव. आईला यातलं अजून काही बोललो नाही, ती गुडघ्याचं काढेल.

गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली आहे. विमा मार्चमध्ये संपतोय, कागदाचा फोटो पाठव. आज्जीनं तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतलेत, माप तुझं नाही, ताईच्या पोराचं दिसतंय, पण घाल. आणि रविवारी फोन कर. मला कर, आईला नको.

तुझे,
आप्पा